चार माणसांनी उचलावी एवढी गाडी

भारतीय रेल्वेच्या नियमपुस्तकात एका वाहनाची व्याख्या टनांत नाही, फुटांत नाही, अश्वशक्तीतही नाही. ती माणसांत आहे. चार जणांना उचलून रुळावरून बाजूला ठेवता येईल ती ट्रॉली. त्याच धाटणीची, पण त्याहून जड असेल ती लॉरी. ट्रॉलीला मोटर बसवली की ती मोटर ट्रॉली. अडीअडचणीला ट्रॉलीवर रूळ-स्लीपरांसारखा जड माल लादलाच, तर नियमांपुरती ती ट्रॉली राहत नाही, लॉरी ठरते. हजारो टनांच्या मालगाड्या चालवणाऱ्या खात्याने आपल्या सगळ्यात लहान वाहनाचं माप चार खलाशांच्या दंडावर सोडलेलं आहे, आणि त्यामागे रोकडा हिशेब आहे. समोरून गाडी आली तर ट्रॉली रुळावरून हटवायची कुणी? तिच्याबरोबर असलेल्यांनीच.

ही ट्रॉली पाहिली नाही असा रेल्वेने हिंडणारा माणूस विरळा. चार चाकांवर एक फळकूट, त्यावर बाक, बाकावर रुळांच्या देखभालीचा इन्स्पेक्टर, उन्हाळ्यात डोक्यावर भलीमोठी छत्री, लाल बावटा, आणि मागून रुळाच्या डोक्यावर तोल सावरत धावत ढकलणारे ट्रॉलीमन. वेग आला की तेही उडी मारून मागे बसतात, वेग ओसरला की पुन्हा खाली. सोबत काय बाळगायचं याची नियमांत यादी असते: हातदिवे, बावटे, साखळी-कुलूप, वेळापत्रक आणि रेल्वेचे फटाके. हे फटाके म्हणजे रुळावर बांधायचे डेटोनेटर. गाडीचं चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हरला पुढच्या धोक्याची खबर लागते. वर्षाचे बाराही महिने फटाके बाळगणारं सरकारी वाहन बहुधा हेच असावं.

मॉडेल रेल्वेच्या जगात, म्हणजे मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने चालवतात त्या छोट्या आगगाड्यांच्या जगात, देखभालीच्या या चिमुकल्या वाहनांचा एक वेगळा भक्तवर्ग आहे. वाफेचं इंजिन सगळ्यांनाच आवडतं. ट्रॉली मात्र ज्याला रूळ आवडतात त्यालाच आवडते. ती मिळवणं कठीण, आणि मिळाली तर चालवणं त्याहून कठीण. का, ते समजून घ्यायला मुंबईत शिवडीइतकी सोयीची जागा नाही. खऱ्या रुळांचा शंभर वर्षांहून जुना पसारा तिथे आहे, आणि छोट्या रुळांना जे जे म्हणून बाधतं ती हवाही तिथेच आहे.

कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्गाचा पहिला तुकडा १२ डिसेंबर १९१० रोजी सुरू झाला. त्या वेळी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला ओढ होती ती बंदराची. १९१५ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे सुरू केली. वडाळ्याला तिचं यार्ड होतं. तिथे मुख्य रेल्वेशी वाघिणींची देवाणघेवाण होई आणि तिथून गोद्यांकडे, गोदामांकडे फाटे जात. कुलाब्याचा कापूसबाजार या बाजूला सरकला आणि शिवडीशेजारच्या स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव मिळालं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, तीही याच हार्बर मार्गाने, म्हणजे शिवडीवरूनच. १५०० व्होल्ट डीसीवर सुरू झालेला हा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर गेला तो २०१६ च्या एप्रिलमध्ये. आज बंदराची रेल्वे जवळपास थांबली आहे. लोकांना शिवडी माहीत असते ती फ्लेमिंगोंमुळे, नाहीतर १२ जानेवारी २०२४ पासून न्हावा शेव्याकडे निघालेल्या अटल सेतूमुळे. हार्बरच्या लोकल मात्र रोज रूळ झिजवताहेत, आणि झिजलेला रूळ कुणीतरी पाहावा लागतो.

हे पाहणं म्हणजे माणसांची एक उतरंड आहे. चावीवाला आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासतो, सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकतो. मुकादमाच्या हाताखाली गँग असते. कागदोपत्री त्यांना आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, तरी तोंडात गँगमनच आहे. त्यांच्या वर इन्स्पेक्टर आणि त्याची ट्रॉली. रुळाच्या पोटातली चीर शोधायला अल्ट्रासोनिक यंत्राची हातगाडी असते, तीही चालत ढकलायची. मग मोठी यंत्रं येतात. खडीत लोखंडी दाते खुपसून स्लीपरखालची खडी ठासणारं टॅम्पिंग मशीन हे त्यातलं सगळ्यात देखणं. त्यातली बरीच प्लासर अँड थॉयरर या १९५३ साली स्थापन झालेल्या ऑस्ट्रियन कंपनीच्या घराण्यातली. फरिदाबादला तिचा भारतीय कारखाना आहे. वरच्या तारेसाठी टॉवर वॅगन. तिच्या छपरावर मचाण असतं आणि त्यावर उभं राहून माणसं तारेला हात घालतात, अर्थात वीज बंद करून.

ही सगळी मंडळी काम करतात ती ‘ब्लॉक’ घेऊन, म्हणजे तेवढा वेळ त्या रुळांवरच्या गाड्या थांबवून. मुंबईकराच्या पंचांगात एकादशी-चतुर्थीच्या जोडीने रविवारचा मेगाब्लॉक येऊन बसला आहे तो यांच्याचमुळे. लोकल बंद म्हणून लोक चडफडतात, पण त्या चार-पाच तासांत रुळांवर जी वाहनं अवतरतात ती पाहायला कुणी थांबत नाही. छांदिष्ट थांबतो. नेहमीची लोकल त्याला पाठ असते. पिवळी टॉवर वॅगन आली की तो पुलाच्या कठड्याशी थबकतो.

आता एक विजेची गोष्ट. पुढचा सगळा विषय तिच्यावर उभा आहे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. दोन्ही रुळांतून अगदी कमी दाबाची वीज सोडायची आणि तिने पलीकडचा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, धरून ठेवायचा. गाडी आली की तिच्या चाकांनी आणि आसांनी दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात, वीज मधूनच परतते, रिले सुटतो, सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी तेच. जगभरच्या सिग्नलांनी गाड्यांना ‘पाहण्या’ची ही पद्धत दीड शतक चालवली. पण चार माणसं उचलतात त्या ट्रॉलीने असंच रूळ जोडले तर दर खेपेला सिग्नल लाल होतील आणि मागच्या गाड्या खोळंबतील. म्हणून ट्रॅक सर्किट असलेल्या भागात ट्रॉलीची चाकं एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या तोडलेली, इन्सुलेटेड असावी लागतात. ट्रॉली रुळावर असते आणि सिग्नलला दिसत नाही. तिचा जीव यंत्रावर नाही, माणसांवर: बावटेवाल्यावर, स्टेशन मास्तरकडून घेतलेल्या परवानगीवर आणि तिला उचलणाऱ्या चौघांवर. हार्बरसारख्या मार्गावर, जिथे दर काही मिनिटांनी लोकल जाते, तिथे दिवसाउजेडी ट्रॉलीला अवसर असा फारसा उरतच नाही.

टेबलावरच्या रेल्वेत नेमकं उलटं घडतं. तिथे इंजिनात ना डिझेल, ना वर खरी तार. वीज येते ती रुळांतूनच. एक रूळ धन, दुसरा ऋण. डाव्या चाकांनी एका रुळातून वीज उचलायची, उजव्या चाकांनी दुसऱ्यातून, आणि ती मोटरपर्यंत पोचवायची. खऱ्या ट्रॉलीला रुळातल्या विजेशी संबंध येऊ द्यायचा नाही, छोटीला त्या संबंधावाचून जगता येत नाही. नकलेच्या या धंद्यात मूळ वस्तूशी इतका उघड विरोध दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मोटरवर चालणाऱ्या छोट्या देखभाल-गाड्यांना बाजारात आणलं ते अमेरिकनांनी. तिकडे रुळांवरून गँग नेणाऱ्या मोटर ट्रॉल्यांचा, त्यांच्या बोलीत ‘स्पीडर’चा, जमाना होता. मिनेसोटातल्या फेअरमाँट गावची त्याच नावाची कंपनी या धंद्यात अग्रेसर होती. खेळण्यांच्या आगगाड्या करणाऱ्या लायनेल कंपनीने १९५४ मध्ये ‘नंबर ५०’ गँग कार काढली. हे अद्भुत यंत्र आहे. रुळाच्या शेवटच्या ठोकळ्यावर आपटलं की आपोआप उलट दिशेने धावू लागतं, आणि वरचा एक माणूस गर्रकन वळून नव्या दिशेला तोंड करतो. १९५८ मध्ये त्याच कंपनीचं खडी ठासणारं यंत्र आलं, तेही चालतं-फिरतं. इंग्लंडमध्ये वेअर गावच्या विकहॅम कंपनीच्या ट्रॉल्या प्रसिद्ध. त्यांची टाइप २७ ही छोटी बंद ट्रॉली बाखमान कंपनीने मॉडेलरूपात, मागे ट्रेलर जोडून, विकली. याच बाखमानची आणखी एक करामत म्हणजे दांडा वरखाली करत गाडी पळवणारी दोन माणसं. प्रत्यक्षात गाडी माणसांना हलवते, पण पाहणाऱ्याला वाटतं माणसंच गाडी हलवताहेत. जर्मनीच्या फीसमानने टॅम्पिंग मशीन स्वतःच्या मोटरवर धावेल असं बनवलं.

भारतीय पुश ट्रॉली या यादीत नाही. तिच्यासाठी साचा ओतावा इतकं गिऱ्हाईक कुणालाच दिसलेलं नाही.

महाराष्ट्रात छोट्या रेल्वेचं नाव निघालं की पुण्याचं नाव येतं. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या नादातून लघुरेल्वेचं संग्रहालय उभं केलं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. एका मोठ्या मांडणीवर वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाडीपर्यंत निरनिराळ्या पिढ्यांच्या गाड्या एकाच वेळी धावतात, सिग्नल पडतात-उठतात, दिवे मालवले की अख्खं शहर उजळतं. पुण्याला हे शोभलं, कारण पुण्याला जागा होती. मुंबईच्या गिरणगावात हिशेब निराळा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी आहेत. त्यातली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे, गणपती आणि झोप. एचओ या सर्वाधिक चालणाऱ्या मापात १ मीटरचे साधारण साडेअकरा मिलिमीटर होतात, कारण प्रमाण १ : ८७. त्या मापाने शिवडी ते वडाळा असं एक स्टेशनाचं अंतर मांडायला घेतलं तर रूळ खोलीतून निघून गॅलरी ओलांडून शेजारच्या दोन-तीन बिऱ्हाडांतून न्यावे लागतील. शेजारी कितीही सोशिक असले तरी.

म्हणून अशा घरांत फळीवरची रेल्वे चालते: सहा फूट लांब, एक फूट रुंद, कपाटावर किंवा खिडकीखाली. इंग्रज छांदिष्टांनी ‘इंगलनूक’ नावाचं एक कोडं लोकप्रिय केलं. तीन फाटे, एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हीत तीन-तीन, आणि दिलेल्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. बंदराच्या रेल्वेला हे सोंग उत्तम शोभतं. गोदामाची भिंत, वाघिणींची पुढे-मागे ढकलाढकल, एखादा डिझेल शंटर. शिवडी-कॉटन ग्रीनची गोदामं असा देखावा न शोधता पुरवतात. आणि फाट्याच्या टोकाशी एक ट्रॉली उभी असली की चित्र पुरं होतं.

उभी असली की. चालवायची म्हटलं की रामायण सुरू.

एचओ मापात खऱ्या मोटर ट्रॉलीचं चाक जेमतेम पाच मिलिमीटरचं होतं. ताशी ३० किलोमीटरचा खरा वेग या मापात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे दहा फुटांची फळी पार करायला अर्ध्या मिनिटाहून थोडं अधिक. त्यासाठी ते चाक मिनिटाला साडेतीनशेच्या थोडं वर फेऱ्या घेतं. पण इतक्या लहान जागेत बसणाऱ्या मोटरी दहा-बारा हजार फेऱ्यांनी गरगरतात. मधे साधारण तीस पटींनी वेग उतरवणारे दाते हवेत, आणि ते बसवायला आहे काडेपेटीच्या निम्म्याहून कमी जागा. म्हणूनच बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्पीडर-ट्रॉल्या पेटलेल्या फटाक्यासारख्या सुटतात. चालतात, पण रुळांची पाहणी करताहेत असं वाटत नाही, मागे कुणी लागलंय असं वाटतं.

त्याहून मोठा घोटाळा भूमितीचा. चार चाकांची ताठ चौकट कुठल्याही जमिनीवर ठेवा, एका वेळी तीनच चाकं नीट टेकतात, चौथं अर्धवट लोंबकळतं. लांब इंजिनाला आठ-बारा चाकं असतात, एखादं उचललं तरी वीज दुसऱ्याकडून मिळते. ट्रॉलीला एका बाजूला दोनच चाकं. त्यातलं एक अधांतरी, दुसऱ्याखाली तेलाचा ठिपका: संपलं, गाडी बंद. त्यात वजन नाही. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची डब्यांच्या वजनाबद्दल शिफारस आहे: मुळात एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस जास्त. सव्वा इंचाच्या ट्रॉलीला हे लावलं तर ४५ ग्रॅमच्या आसपास येतं. तेवढा ऐवज भरायला शिसं काय, टंगस्टन भरलं तरी जागा पुरायची नाही.

आणि मग सांधा. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी ही जागा. तिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगच्या चोचीपाशी विजेची पंचाईत होते, कारण तिथे धन आणि ऋण एकाच बिंदूत येऊ पाहतात. स्वस्त सांध्यांत ही चोच सरळ प्लॅस्टिकची करून टाकतात. इंजिन त्यावरून सुसाट जातं, त्याची उरलेली चाकं विजेवर असतात. ट्रॉलीची पुढची-मागची चाकं जवळजवळ, त्यामुळे एका बाजूची दोन्ही चाकं प्लॅस्टिकवर किंवा त्याच्या काठावरच्या खाचेवर आली की ती तिथेच गप्प. छांदिष्ट बोटाने ढकलतो. त्या क्षणी १ : ८७ ची सगळी मोहिनी उतरते.

पण इथेच या वाहनाची खरी किंमत कळते. नव्या मांडणीवर मोठं इंजिन फिरवून ‘सगळं ठीक’ म्हणणारा माणूस फसतो. इंजिन दोष झाकतं. जोड अर्ध्या मिलिमीटरने वर आलाय, सांध्याची पाती पुरती टेकत नाही, डाखकाम सुटून एका फूटभर रुळाला वीज कमी मिळते आहे, हे सारं ट्रॉली जागच्या जागी दाखवते, कारण ती नेमकी तिथेच मरते. शिवडीच्या रुळांवर इन्स्पेक्टर बाकाखालून येणारे हिसके मोजतो आणि ‘इथे खड्डा आहे’ म्हणतो. फळीवरच्या रुळांवर इन्स्पेक्टर नसतो, गाडी स्वतःच अहवाल देते. तिला चालतं करण्यासाठी माणूस जे जे करतो, त्याने अख्खी रेल्वे सुधारते: प्लॅस्टिकच्या चोचीऐवजी धातूची, सांधा बदलेल तशी तिची वीज बदलणारा स्विच, प्रत्येक रूळतुकड्याला स्वतंत्र तार. ट्रॉलीपुरते उपाय निराळे. एक आस मधोमध टेकवून डुलती ठेवायची, म्हणजे चारही चाकं जमिनीला लागतात. मागे ट्रेलर जोडून त्याच्या चाकांनीही वीज उचलायची. किंवा पोटात सुपरकपॅसिटर बसवायचा, म्हणजे वीज तुटली तरी क्षणभर मोटर चालू राहते.

शिवडीत याच्याही आधी लढावं लागतं ते हवेशी. छोटे रूळ पूर्वी पितळेचे असत, आता बहुतेक जर्मन सिल्व्हरचे. आजीच्या ताटवाट्यांतलं हे नाव. तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, चांदी नावालासुद्धा नाही. खाऱ्या दमट हवेत कुठल्याही धातूवर थर चढतो. पितळेवरचा थर वीज जास्त अडवतो, म्हणून पितळ मागे पडलं. चाक आणि रूळ यांच्यात सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि त्यातून काळा मळ तयार होतो. त्यात बंदर भागातल्या ट्रकांची धूळ, आणि खोलीतच शेगडी असेल तर फोडणीचा तेलकट धूर. मोहरी तडतडली की त्याचा अंश रुळावर येऊन बसतो, हे कुठल्याही परदेशी मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. पावसाळ्याचे चार महिने तर रोज रूळ पुसल्याशिवाय ट्रॉली हलेल ही आशाच नको.

पुसायचं कशाने, यावर छांदिष्टांत पंथ आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलवाले बहुसंख्य. खरखरीत रबराने घासणारे जुने. घासल्याने रुळावर बारीक ओरखडे पडतात आणि मळाला घर मिळतं, असा त्यांच्यावर आरोप. अल्कोहोल लवकर उडतं पण ठिणग्यांचा मळ रोखत नाही, त्यापेक्षा घासलेटाच्या जातीची द्रावणं बरी, असं म्हणणारा एक पक्ष अलीकडे जोरात आहे. काही जण मऊ पेन्सिलीचं ग्राफाइट रुळाच्या आतल्या कडेवर हलकेच ओढतात. शिवडीच्या खोलीत देवघर आणि शेगडी शेजारी असताना घासलेटाची बाटली उघडण्याआधी मात्र दिवा विझलेला आहे ना, हे पाहिलेलं बरं.

या मळानेच मॉडेल रेल्वेतलं एक खरंखुरं काम करणारं वाहन जन्माला घातलं. छोटी मालगाडी रिकामीच फिरते, छोटी पॅसेंजर कुणालाच कुठे नेत नाही, छोटं टॅम्पिंग मशीन खडी ठासत नाही, कारण खडी सरसाने चिकटवलेली असते. सगळं नाटक. रूळ पुसणारी वाघीण तेवढी खरोखर रूळ पुसते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीचा जॉन ॲलन हा या छंदातला महापुरुष. त्याचा अवाढव्य लेआउट १९७३ मध्ये तो गेला तेव्हा अपुराच होता. त्याची साधी युक्ती आजही जगभर चालते: वाघिणीच्या तळाला दोन भोकं, त्यांत सैल बसणारे दोन खिळे, खिळ्यांना खाली हार्डबोर्डचा तुकडा, खरखरीत बाजू रुळाकडे. गाडी फिरते, हार्डबोर्ड स्वतःच्या वजनाने रुळावर घसटत जातो. जपानच्या टोमिक्सने त्याची पुढची पायरी गाठली. तिची छोटी वाघीण चकती फिरवून रूळ पुसते आणि पंख्याने धूळही ओढते. पण हार्डबोर्डचा तुकडा मुंबईत कुठल्याही फ्रेमवाल्याकडे मिळतो, आणि दोन खिळ्यांना सीमाशुल्क लागत नाही.

शुल्काचं निघालंच आहे तर तेही सांगायला हवं, कारण ‘मिळवणं’ या शब्दातली अडचण तिथे आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. विजेच्या आगगाड्या आणि लघुप्रमाणातली मॉडेलं सीमाशुल्काच्या त्याच खेळण्यांच्या शीर्षकाखाली येतात. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. देशी खेळणी करणाऱ्यांना यातून बळ मिळालं असेल, पण सव्वा इंचाची विकहॅम ट्रॉली इथे कुणी बनवतच नाही, तर संरक्षण कुणाला? तेव्हा चांगली परदेशी ट्रॉली मुंबईत येईपर्यंत तिच्या किमतीत सेकंडहँड सायकल यावी.

मग मुंबईकर मुंबईकरासारखा वागतो. डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे सगळे अजून लॅमिंग्टन रोड म्हणतात तिथे, एन-ट्वेंटी जातीच्या गिअरसह मोटरी मिळतात. रुंदीला बारा मिलिमीटर, त्या एचओच्या साडेसोळा मिलिमीटर रुळांमध्ये बसतात. त्याहून लहान हवी तर जुन्या मोबाइलमध्ये थरथर करवणारी मोटर असते, चार ते सहा मिलिमीटर जाडीची. लोहार चाळीत तारा, चोर बाजारात कधी हॉर्नबी कंपनीच्या छोट्या आगगाडीचा एखादा फुटका डबा, ज्याची चाकं आणि आस कामाला येतात. पितळी पत्रा कापून चौकट, काडेपेटीच्या लाकडाचा बाक. गणपतीच्या चलत-देखाव्यांत हात बसलेला कारागीर या शोधात फार उपयोगी ठरतो. हळू, न थांबता, महिनाभर चालेल अशी छोटी मोटर कोणती, हा प्रश्न त्याच्या रोजच्या कामातला असतो.

भारतीय ट्रॉली बनवताना मापाचा एक पेच राहतोच. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १ : ८७ ने ती १९ मिलिमीटरच्या थोडी वर भरते. तयार मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते परदेशी १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलेले. मोठ्या डब्याखाली पावणेतीन मिलिमीटरचा फरक लपतो. ट्रॉलीत लपायला जागाच नाही. ती म्हणजे रुंदी, चाकं आणि वर बसलेला माणूस, एवढंच. काही जण रुंदीच कमी घेतात आणि बाक थोडा लांब ठेवतात. काही जण हट्टाने १९ मिलिमीटरचा रूळ हाताने घालतात, स्लीपर एकेक चिकटवून. त्यांना विचारायला जाऊ नये, ते रात्री उशिरापर्यंत सांगत बसतील.

रुळातली वीजच नको, असा एक मार्ग गेल्या काही वर्षांत रुळला आहे. परदेशात त्याला ‘डेड रेल’ म्हणतात. ट्रॉलीत बोटाच्या पेराएवढी लिथियम बॅटरी आणि रेडिओने चालणारा छोटा रिसीव्हर. मळ, सांधा, लोंबकळतं चाक, सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. एक नवा मात्र उभा राहतो. ज्याने आपल्या मांडणीवर आपोआप बदलणारे सिग्नल बसवले आहेत त्याची यंत्रणा गाडीने रुळातून ओढलेली वीज पाहून ‘इथे गाडी आहे’ असं ठरवते. डब्यांचाही पत्ता लागावा म्हणून लोक त्यांच्या आसांवर मुद्दाम छोटे रेझिस्टर डाखतात. बॅटरीवरची ट्रॉली काहीच ओढत नाही, म्हणून ती या यंत्रणेला अदृश्य. मागून येणारी मालगाडी हिरवा सिग्नल पाहून तिच्यावर आदळते. ही उणीव नव्हे, हुबेहूबपणा आहे. खरी इन्सुलेटेड ट्रॉली तशीच अदृश्य असते, आणि तिला वाचवायला ब्लॉक घ्यावा लागतो. बॅटरीवर ट्रॉली चालवणाऱ्याने म्हणून रविवारची वाट न पाहता आधी त्या रुळाचा स्विच बंद करावा, मग ट्रॉली काढावी.

उरले ते ढकलणारे. मोटर बाकाखाली लपवता येते, बॅटरी इन्स्पेक्टरच्या पेटीत, पण मागून धावणारे ट्रॉलीमन दाखवले नाहीत तर ती आपली ट्रॉली वाटतच नाही. खरे ट्रॉलीमन रुळाच्या डोक्यावर पाऊल टाकत धावतात, म्हणून दोन बाहुल्यांचे हात ट्रॉलीला चिकटवून पाय रुळाच्या वर अर्धा मिलिमीटर अधांतरी ठेवावे लागतात. पाय टेकले तर घसटतात, सांध्याच्या पातीत अडकतात. जास्त उचलले तर माणसं उडत चालली आहेत असं दिसतं. बाहुली धातूची ओतलेली असेल तर पायाखाली रंगाचा जाड थर हवा, नाहीतर ट्रॉलीमनच्या पायातून दोन्ही रुळांची वीज जोडली जाऊन अख्खी मांडणी बंद पडते.